स्नायू ओढतो कसा, सोडतो कसा आणि त्याची किंमत काय

पेशीजाल

सिंहगड चढताना लागणारी धाप आणि दुसऱ्या दिवशी भरून येणाऱ्या मांड्या, या दोन्हींचं खापर वर्षानुवर्षं एकाच नावावर फुटतंय: लॅक्टिक ॲसिड. टेकडीवर, तालमीत, जिममध्ये, ढोलपथकाच्या सरावात सगळीकडे तेच ऐकू येतं. व्यायाम शिकवणारेही हेच सांगतात तेव्हा वाईट वाटतं, कारण खरी यंत्रणा इतकी सुरेख आहे की एकदा कळली की विसरता येत नाही. म्हणून या चर्चेच्या धाग्यात मुळापासून लिहिते. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर सांगावं.

मांडीच्या स्नायूतला एक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. जाडी केसाएवढी, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर. तिच्या पोटात शेकडो बारीक तंतुकं, आणि प्रत्येक तंतुकात आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडलेले सार्कोमिअर. विश्रांतीत एक डबा साधारण २.२ मायक्रोमीटरचा, म्हणजे १ सेंटिमीटरमध्ये साडेचार हजार डबे. डब्याच्या मधोमध मायोसिन या प्रथिनाची जाड दांडी, १.६ मायक्रोमीटर लांब. दोन्ही टोकांच्या भिंतींना ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या बारीक दांड्या, प्रत्येकी सुमारे १ मायक्रोमीटर. स्नायू आखडतो तेव्हा यातली एकही दांडी आखूड होत नाही. त्या एकमेकींच्या फटींत सरकतात आणि डब्याच्या भिंती जवळ येतात. मे १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र जोड्यांनी हे मांडलं: अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के, तसंच ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं. पुरावा साधा होता. सूक्ष्मदर्शकाखाली गडद पट्ट्याची रुंदी तेवढीच राहते, फिकट पट्टा तेवढा अरुंद होतो.

आता ओढतं कोण? मायोसिनच्या दांडीवर बाहेर डोकावणारी शेकडो डोकी असतात, ती. विहिरीतून पोहरा ओढताना आपण हातावर हात घेत दोर ओढतो. एक हात सुटल्याशिवाय पुढची पकड घेता येत नाही. मायोसिनचं डोकंही तसंच पकडतं, हिसका देतं, सोडतं, पुढची पकड घेतं. एका हिसक्यात दोर सरकतो ५ ते १० नॅनोमीटर.

या कामाला ऊर्जा पुरवणारा रेणू म्हणजे एटीपी. बहुतेक जणांचा समज असा की एटीपी फुटतं त्याच क्षणी हिसका बसतो. क्रम तसा नाही. एटीपी डोक्यात येऊन बसलं की आधी पकड सुटते. मग ते डोक्यातच फुटतं, एडीपी आणि फॉस्फेट असे दोन तुकडे होतात, पण दोन्ही तिथेच राहतात. त्या फुटण्याने डोकं मागे ताणलं जातं, चाप चढवलेल्या बंदुकीसारखं. अशा अवस्थेत ते ॲक्टिनला टेकतं, फॉस्फेट बाहेर पडतं आणि हिसका बसतो. पाठोपाठ एडीपी जातं. आता डोकं रिकामं, पण पकड घट्ट, आणि नवं एटीपी येईपर्यंत ती सुटत नाही.

हे शेवटचं वाक्य या सगळ्या धाग्याचा कणा आहे. एटीपी संपलं तर स्नायू सैल पडत नाही, ताठ होतो. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते याचमुळे. पापण्या, जबडा, मान इथून काही तासांत सुरुवात होते आणि साधारण १२ तासांत सगळं शरीर ताठ होतं. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे लवकर घडतं. नंतर ताठरपणा उतरतो तोही एटीपी परत आल्यामुळे नव्हे, पेशीतली विकरं प्रथिनांचे सांधे कुरतडतात म्हणून.

टेकडीवाट

सुंदर लिहिलंयत. माझी एक मागणी: सिंहगडाचा हिशेब आकड्यांत मांडाल का? रविवारी आतकरवाडीहून चढणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना 'ऊर्जा' म्हणजे बाटलीतलं रंगीत पेय एवढंच माहीत असतं.

पेशीजाल

मांडते. वजन ६५ किलो, चढण सोयीसाठी ६०० मीटर धरू. गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम: ६५ × ९.८ × ६०० = सुमारे ३८२ किलोज्यूल, म्हणजे जेमतेम ९१ किलोकॅलरी. अन्नातल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त पाव भाग स्नायूच्या हाती काम म्हणून लागतो. म्हणून खर्च चौपट, सुमारे १५३० किलोज्यूल, ३६५ किलोकॅलरी. सपाटीवरचं चालणं आणि शरीराचा बसल्या जागचा खर्च यात धरलेला नाही.

हा सगळा खर्च ग्लायकोजेनमधून, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेतून झाला असं धरलं तर लागतात सुमारे ९५ ग्रॅम. एका माणसाच्या स्नायूंत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं, यकृतात आणखी शंभरेक. म्हणजे नाश्ता करून निघालेल्या धडधाकट माणसाला चढताना साखरेच्या पेयाची गरज नाही. पाण्याची आहे. उरलेले ११५० किलोज्यूल उष्णता होऊन बाहेर पडायचे असतात, आणि १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल घेऊन जातो. सगळी उष्णता घामावाटेच गेली तर जवळपास निम्मा लिटर घाम. पावसाळ्यात दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे तितक्याच चढणीला घाम जास्त जातो आणि अंग मात्र निवत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा आकडा. या चढणीत तयार होऊन खर्ची पडणारं एटीपी सुमारे १६.५ मोल भरतं. १ मोलचं वजन ५०७ ग्रॅम, म्हणजे ८ किलोंहून जास्त! आणि शिल्लक किती असते? स्नायूच्या १ किलोमागे ५-६ मिलिमोल. २८ किलो स्नायू धरले तर सगळे मिळून ८५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत प्रत्येक रेणू सरासरी शंभर वेळा फुटून शंभर वेळा पुन्हा जोडला गेला. पायांचेच स्नायू मोजले तर याच्या दुप्पट वेळा.

परीक्षानळी

१६.५ मोलसाठी एका ग्लुकोजमागे ३१ एटीपी धरलेत असं दिसतं. बरोबर आहे, पण इथे विद्यार्थी वाचत असतील म्हणून सांगतो, कारण जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ छापलेलं असतं आणि मुलं गोंधळतात.

एनएडीएच आणि एफएडीएच२ हे अन्नातली ऊर्जा एटीपी बनवण्यापर्यंत वाहून नेणारे रेणू. जुना हिशेब एका एनएडीएचमागे ३ आणि एका एफएडीएच२मागे २ असे पूर्णांक धरत होता. प्रत्यक्षात तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलापलीकडे एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन ढकलले जातात, एफएडीएच२मागे ६, आणि एक एटीपी बनवून बाहेर पोचवायला ४ खर्च होतात. म्हणून २.५ आणि १.५. आता बेरीज करा. ग्लायकोलिसिसमधून (ग्लुकोज फोडून पायरुव्हेट करण्याचा पहिला टप्पा) थेट २, क्रेब्ज चक्रातून थेट २, पायरुव्हेटपासून पुढे ८ एनएडीएचचे २०, २ एफएडीएच२चे ३. झाले २७. उरले ग्लायकोलिसिसमधले दोन एनएडीएच, जे तंतुकणिकेबाहेर तयार होतात. त्यांना आत नेणाऱ्या दोन वाटा आहेत. एकीतून ३ मिळतात, दुसरीतून ५. म्हणून उत्तर ३० किंवा ३२. हृदयात ५ देणारी वाट जास्त चालते, हातापायांच्या स्नायूंत ३ देणारी वाटही बरीच वापरली जाते. ग्लायकोजेनपासून सुरुवात केली तर पहिल्याच पायरीवर एक एटीपी वाचतं, म्हणून ३१.

चरबीचंही सांगतो. एका पामिटेटमागे (चरबीतलं एक मेदाम्ल) १०६ एटीपी हा आकडा मोठा वाटतो, पण त्याला २३ रेणू ऑक्सिजन लागतो, म्हणजे एका ऑक्सिजनमागे ४.६. ग्लायकोजेनला हेच प्रमाण ५.२ आहे. शिवाय चरबीतून एटीपी मिळण्याचा वेगही बराच कमी. चढण उभी झाली आणि श्वास अपुरा पडायला लागला की शरीर ग्लायकोजेनकडे का वळतं, ते यात आहे.

आणखी एक गोष्ट इथे यायलाच हवी. स्नायूतला तातडीचा साठा, फॉस्फोक्रिएटिन, सापडला त्यात भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा हात आहे. फॉस्फरस मोजण्याची फिस्क-सुब्बाराव पद्धत १९२५ची. मॉलिब्डेट घालायचं, क्षपण करायचं, निळा रंग येतो, त्याच्या गडदपणावरून फॉस्फेट मोजायचं. साध्या फॉस्फेटला रंग काही मिनिटांत येऊन स्थिरावतो. स्नायूच्या अर्कात मात्र तो हळूहळू वाढतच राहिला. म्हणजे आम्लात सावकाश फुटून फॉस्फेट सोडणारं काहीतरी त्यात होतं. १९२७ साली ते फॉस्फोक्रिएटिन असल्याचं त्यांनी मांडलं. दुसरा कोणी असता तर 'पद्धत नीट चालत नाही' म्हणून नळी ओतून दिली असती. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, पण सुब्बाराव हे नाव कोणाचं, ते मुलांना सांगितलं जात नाही. ते सांगायला हवं.

भूल

कॅल्शियम राहिलं आहे, ते मी लिहितो.

विश्रांतीत स्नायुपेशीच्या रसात कॅल्शियमचं प्रमाण ०.१ मायक्रोमोल प्रति लिटर. पेशीबाहेर त्याच्या दहा हजार पट. पेशीच्या आत एक जाळीदार कोठार असतं, त्यात ते भरून ठेवलेलं असतं. चेतातंतूचा संदेश पेशीच्या पृष्ठभागावरून बारीक नळ्यांवाटे खोल आत जातो. नळीच्या भिंतीवर विद्युतदाब ओळखणारं प्रथिन असतं, आणि समोर कोठाराच्या दारावर रायनोडिन ग्राहक. पहिलं हललं की ते दुसऱ्याला चक्क ढकलतं आणि दार उघडतं. कॅल्शियम १ ते १० मायक्रोमोलपर्यंत चढतं, ॲक्टिनच्या दांडीवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, जागा झाकून बसलेली ट्रोपोमायोसिनची दोरी बाजूला सरते आणि ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा उघड्या पडतात. त्यापुढचं पेशीजाल ताईंनी लिहिलंच आहे.

हे ढकलणं यांत्रिक असतं, त्याला बाहेरचं कॅल्शियम लागत नाही. हृदयाच्या स्नायूचं तसं नाही, तिथे बाहेरचं थोडं कॅल्शियम आत आल्याशिवाय कोठाराचं दार उघडत नाही. म्हणूनच कॅल्शियमचे मार्ग अडवणारी व्हेरापामिलसारखी औषधं हृदयाचा जोर कमी करू शकतात, पण ती घेणाऱ्याचे हातपाय लुळे पडत नाहीत.

थांबवायचं झालं की कॅल्शियम परत कोठारात भरावं लागतं, आणि दर दोन कॅल्शियममागे एक एटीपी खर्च होतं. आकुंचन चालू असताना एकूण एटीपीचा साधारण तिसरा हिस्सा या पंपांवर जातो. म्हणजे सोडण्याची किंमत दोनदा मोजावी लागते: एकदा डोक्याची पकड सोडायला, एकदा कॅल्शियम उपसायला.

हे बिघडलं तर काय होतं ते शस्त्रक्रियागृहात दिसतं. काही माणसांच्या रायनोडिन ग्राहकात जन्मजात दोष असतो. एरवी त्यांना काही त्रास नसतो. पण हुंगवायची भूल, उदाहरणार्थ सेव्होफ्लुरेन, किंवा स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन दिलं की दार उघडतं ते मिटतच नाही. पंप वेड्यासारखे उपसत राहतात, डोकी हिसके देत राहतात, एटीपी जळत राहतं. पहिली खूण ताप नव्हे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चढायला लागतो, श्वासाची गती वाढवूनही उतरत नाही, जबडा आणि अंग ताठ होतं. ताप बहुतेकदा मागाहून येतो. उपाय म्हणजे ते औषध तत्काळ बंद करायचं, शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि डँट्रोलीन २.५ मिलिग्रॅम प्रति किलो शिरेतून सुरू करायचं. डँट्रोलीन तेच दार मिटवतं. रक्ताच्या नात्यात कोणाला भुलेत असं झालं असेल तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा. 'त्यांना भूल चढली नव्हती' एवढंच सांगून भागत नाही, नेमकं काय झालं होतं ते सांगा.

टिपरू

ढोलपथकात नव्या वादकांना शिकवताना एक अडचण दरवर्षी येते. पंधरा-वीस मिनिटांत टिपरूचा (ढोल वाजवायच्या काडीचा) हात कोपराखाली दगडासारखा होतो, बोटं उघडत नाहीत. खांदा आणि दंड मात्र ठीक असतात. ताकदीची मुलंही यात सापडतात. मनगट सैल ठेवा हे सांगतोच. स्नायूत नक्की काय होतं?

पोटरी

वादकाचा हात दोन कामं करतो. खांदा आणि दंड लयीत हलतात, आवळतात, सुटतात. सुटण्याच्या प्रत्येक क्षणी रक्त आत शिरतं. बोटं मिटवणारे कोपराखालचे स्नायू मात्र टिपरू घट्ट धरलं तर सतत आवळलेले राहतात. आवळलेल्या स्नायूत आतला दाब इतका चढतो की केशवाहिन्या चेपतात. पूर्ण ताकदीच्या निम्म्याहून जास्त जोर लावला की आतला रक्तप्रवाह जवळजवळ थांबतो. मग ऑक्सिजन नाही, फॉस्फोक्रिएटिन संपलेलं, आणि सगळा भार ग्लायकोलिसिसवर. फॉस्फेट साठत जातं. ते मुळातच हिसक्याच्या वेळी बाहेर पडणारं, बाहेर त्याची गर्दी झाली की हिसक्याचा जोर घटतो. पुढे कोठारातून कॅल्शियमही कमी सुटू लागतं. ऑक्सिजन नसल्याने पंपही मंदावतात, म्हणून सोडणं सावकाश होतं. बोटं उघडत नाहीत ती याच कारणाने.

उपाय तुम्ही म्हणता तोच, फक्त नेमका: टिपरू अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत, उरलेली बोटं नुसती टेकलेली. पकड फक्त ठोक्याच्या क्षणी, ठोका झाला की ढिली. जाड हाताला बारीक टिपरू दिलं तर तो जास्त आवळतो, कापडी पट्टी गुंडाळून जाडी वाढवा. विश्रांती देताना हात लोंबता ठेवून बोटं हळूहळू उघड-मीट करायची. फॉस्फोक्रिएटिन अर्ध्या मिनिटात निम्मं भरतं, तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ पूर्ण. पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो, म्हणजे रक्त लागतं. दोन आवर्तनांच्या मध्ये मूठ आवळून उभं राहणाऱ्याचं काहीच भरत नाही.

टेकडीवाट

म्हणजे जिममध्ये जड वजनाच्या दोन फेऱ्यांत तीन मिनिटं थांबायला सांगतात त्याचं कारण हेच. आणि क्रिएटिनची पावडर?

परीक्षानळी

हो, तेच. पावडरीने स्नायूतलं एकूण क्रिएटिन साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतं. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर तीन-चार आठवड्यांत तिथे पोचतं, त्याहून जास्त घेतलेलं लघवीवाटे जातं. आहारातलं क्रिएटिन मांस-मासळीतून येतं, म्हणून शाकाहारी माणसात सुरुवातीची पातळी कमी असते आणि फरक जास्त दिसतो. उपयोग काही सेकंदांच्या जोराच्या कामाला, तेही पुन्हा पुन्हा करायचं असेल तर. सिंहगड चढायला काही फायदा नाही, उलट पाणी धरून वजन किलोभर वाढतं.

पावडर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, मूत्रपिंड ठणठणीत असतानाही. तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. आधीच मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

बैठक

सगळं पटलं, पण लॅक्टिक ॲसिडला इतकं निर्दोष ठरवू नका. दोनशे बैठका एका दमात मारल्या की मांडीत आग होते, ती कशाची?

पेशीजाल

रास्त प्रश्न. आग आणि भरून येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आग होते तेव्हा स्नायूत आम्लता खरोखर वाढलेली असते, लॅक्टेटही (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) वाढलेलं असतं, आणि प्रोटॉन, एटीपी, लॅक्टेट यांचं एकत्र मिश्रण वेदनेच्या चेतातंतूंना चेतवतं. पण बैठका थांबवल्या की आग मिनिटांत विझते आणि रक्तातलं लॅक्टेट तासाभरात मूळ पातळीवर येतं. त्यातलं बरंचसं हृदय आणि शेजारचे संथ तंतू इंधन म्हणून जाळतात, काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होतं. ते टाकाऊ नाही, वाटेत असलेलं इंधन आहे. जे तासाभरात संपलं ते परवाच्या दुखण्याला जबाबदार कसं असेल?

याचा सगळ्यात ठाम पुरावा एका दुर्मीळ विकारात आहे. ब्रायन मॅकार्डल यांनी १९५१ साली तो वर्णिला. त्यात स्नायूतलं ग्लायकोजेन फोडणारं विकरच नसतं, म्हणून व्यायामाने लॅक्टेट वाढत नाही. तरीही या माणसांचे स्नायू चटकन थकतात, दुखतात आणि आखडून बसतात. आठ-दहा मिनिटं हळू चालत राहिलं की रक्तातून ग्लुकोज आणि चरबी पुरेशी पोचते आणि त्यांना अचानक हलकं वाटायला लागतं.

पोटरी

त्या आखडण्यात आणि आपल्या नेहमीच्या पायाच्या गोळ्यात मोठा फरक आहे. रात्री पिंढरीत गोळा येतो तेव्हा स्नायूवर इलेक्ट्रोड ठेवले तर चेतातंतू धडाधड संदेश पाठवताना दिसतात. स्नायू सांगितलेलं काम करतोय, चूक वरच्या हुकमात आहे. मॅकार्डलमधलं आखडणं विजेच्या दृष्टीने शांत असतं. तिथे हुकूम नाहीच, सोडायला ऊर्जा नाही. म्हणून नेहमीच्या गोळ्याला ताण देणं लागू पडतं: गुडघा सरळ, पायाचं पाऊल नडगीकडे ओढायचं आणि गोळा सुटेपर्यंत, वीस-तीस सेकंद, तसंच धरायचं. हिसके देऊ नका. गोळ्यावर जोरात बुक्क्या मारतात ते तर अजिबात नको.

टेकडीवाट

भरून येण्याचं मी लिहितो, कारण त्याचा संबंध चढण्याशी कमी आणि उतरण्याशी जास्त आहे.

उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतो आणि त्याच वेळी लांब होत असतो. तालमीत बैठकीत खाली जाताना तेच. अशा वेळी डोकी एटीपी घेऊन सुटत नाहीत, ओढून उचकटली जातात. त्यामुळे खर्च फार कमी. १९५२ साली इंग्लंडमध्ये दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या होत्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने उलट जोर लावून त्याला रोखायचं. बल दोघांचं सारखंच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. म्हणून उतरताना धाप लागत नाही आणि माणूस धावत सुटतो.

त्याची वसुली नंतर होते. तेवढंच बल कमी तंतू सांभाळतात, म्हणजे एकेका तंतूवर भार जास्त. साडेचार हजार डब्यांच्या रांगेत काही डबे दुबळे असतात, ते आधी ताणले जातात, इतके की दांड्या एकमेकींतून निसटतात. आजूबाजूचं पटल फाटतं, कॅल्शियम गळतं, सूज येते. हे सगळं व्हायला वेळ लागतो म्हणून दुखणं २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त.

यावर मालिश, गरम पाणी यांनी बरं वाटतं, पण खरा उपाय आधी करायचा असतो. स्नायूला उतरण्याचा एक हलका डोस दिला तर पुढचे काही आठवडे तो बराच सांभाळून घेतो. गडाच्या आधी दहा दिवस पर्वतीच्या पायऱ्या दोन-तीन वेळा सावकाश उतरा. उतरा म्हणतोय, चढण्याने हे होत नाही. गडावरून येताना पावलं लहान, गुडघा थोडा वाकलेला, आणि शेवटच्या टप्प्यात धावायचं नाही.

परीक्षानळी

जोडून सांगतो: गडावरून आल्यावर तीन-चार दिवस रक्तातलं सीपीके (स्नायूंतलं एक विकर) तपासू नका. फाटलेल्या पटलातून ते विकर रक्तात येतं आणि एक ते तीन दिवसांत शिखर गाठतं. एरवी दोनशेच्या आसपास असणारा आकडा हजारांत गेलेला पाहून घरचे हृदयविकार समजून घाबरतात. हृदयासाठी ट्रोपोनिन बघतात, कारण हृदयातल्या ट्रोपोनिन आय आणि टीची घडण हातापायांच्या स्नायूंतल्यापेक्षा वेगळी असते. पण लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली आणि स्नायू सुजून कडक झाले असतील तर घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायूतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकून ते निकामी करू शकतं.

प्रयोगवही

महाविद्यालयात हे डोळ्यांनी दाखवायचं असेल तर एक जुना प्रयोग आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी ग्लिसरीनमध्ये मुरवलेल्या स्नायूवर तो केला होता. पद्धत लिहितो.

बकऱ्याच्या कण्याच्या आतल्या बाजूचा लांब स्नायू कापल्याकापल्या घ्यायचा, ताठरपणा यायच्या आत. पेन्सिलीएवढ्या पट्ट्या काढून त्या मूळ लांबीवरच लाकडी काडीला दोन्ही टोकांनी दोऱ्याने बांधायच्या. सुट्या टाकल्या तर ग्लिसरीनमध्येच आखडतात आणि प्रयोगाला काही उरत नाही. ५० टक्के ग्लिसरीनमध्ये एक दिवस शीतकपाटात, मग ग्लिसरीन बदलून उणे २० अंशांवर किमान दोन-तीन आठवडे. पटलं झिरपती होतात, एटीपी आणि क्षार निघून जातात, मागे राहतात फक्त दांड्या.

द्रावणं तीन. पहिलं, ०.२५ टक्के एटीपी ऊर्ध्वपातित पाण्यात. दुसरं, फक्त क्षार: १०० मिलिलिटरमध्ये पोटॅशियम क्लोराइड ३७३ मिलिग्रॅम आणि स्फटिकी मॅग्नेशियम क्लोराइड २० मिलिग्रॅम. तिसरं, दोन्ही एकत्र. २ सेंटिमीटर तुकड्यातून सुईने बारीक धागे सुटे करायचे, ०.२ मिलिमीटरहून जाड नको. काचपट्टीवर मोजपट्टी ठेवून लांबी मोजायची, दोन थेंब टाकायचे, अर्ध्या-पाऊण मिनिटाने पुन्हा मोजायची. फक्त क्षारांत काही होत नाही, फक्त एटीपीत नगण्य, दोन्हींत धागा डोळ्यांदेखत आखडतो. पेशी मेलेली, चेतातंतू नाही, तरीही. वर्गात त्या क्षणी शांतता होते.

पेशीजाल

हा प्रयोग लिहिलात, फार बरं वाटलं. मटणाच्या बाबतीतही हेच लागू आहे. कापल्याबरोबर मांस थेट कडक थंडीत ठेवलं तर कोठाराचे पंप गारठतात, एटीपी अजून शिल्लक असतं, कॅल्शियम सुटतं आणि स्नायू जोराने आखडतो. ते मटण कितीही शिजवलं तरी वातड लागतं. आधी काही तास थंड, सावलीच्या जागी, मग फ्रीजमध्ये.

धागे आखडले नाहीत तर काय तपासता?

प्रयोगवही

बहुतेक वेळा एटीपीच. त्याचं सोडियम क्षाराचं द्रावण चांगलंच आम्ल असतं. ते ७ पीएचवर आणलं नाही तर धागा हलत नाही, उलट पांढरा पडतो. आदल्या दिवशी करून बाहेर ठेवलेलं द्रावणही चालत नाही. त्याच सकाळी करून बर्फात ठेवावं. दुसरं कारण जाड धागा: कडेचा भाग आखडतो, गाभ्यापर्यंत एटीपी पोचत नाही, धागा नुसता वाकडा होतो.

बैठक

कॅल्शियम तर कुठे घातलंच नाही तुम्ही. मग ट्रोपोनिनचं दार उघडलं कसं?

प्रयोगवही

क्षारांत आणि काचेवर असणारा कॅल्शियमचा अंश त्याला पुरतो, एक मायक्रोमोलच तर लागतो. हे सिद्ध करायचं असेल तर तिसऱ्या द्रावणात ५ मिलिमोल ईजीटीए घाला. ते कॅल्शियम गिळतं आणि धागा आखडत नाही, उलट सैल पडतो, कारण एटीपी पकड सोडवायला हजर आहे. वरून कॅल्शियम क्लोराइड पुरेसं टाकलं की लगेच आखडतो. ईजीटीए घालूनही आखडला तर पुन्हा पीएच बघा. ईजीटीए कॅल्शियम पकडताना प्रोटॉन सोडतं आणि आम्ल द्रावणात त्याची पकड ढिली होते. ते साध्या पाण्यात नीट विरघळतही नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत विरघळवा, ७ वर आणा, मगच मिसळा. आणि भांडी शेवटी नळाच्या पाण्याने विसळू नका.